स्वतःची खात्री करून

वाचनाने माणूस घडतो, यावर ग्रंथपालांची अढळ श्रद्धा होती. वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत तसे त्यांनी रंगवूनच घेतले होते. फक्त बावीस वर्षांच्या नोकरीत वाचनाने घडलेला एकही माणूस त्यांच्या पाहण्यात आला नव्हता. पुस्तक नेणारे पाहिले, पुस्तक हरवणारे पाहिले, खूण म्हणून पुस्तकात कंगवा घालून परत करणारे एक गृहस्थ पाहिले. पण नेलेले पुस्तक माणूस वाचतोसुद्धा, याला पुरावा काय? चेहऱ्यावरून तर काही कळत नाही. उलट परत करताना न विचारता जो "फार सुंदर आहे हो" म्हणतो, त्याने ते उघडलेलेही नसते, असा त्यांचा अनुभव होता. ते मान डोलवत, शिक्का मारत आणि मनातल्या मनात म्हणत, चोर आहे.

अशा माणसाच्या हाती तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांचा उन्हाळी वाचन-लेखन उपक्रम आला.

उपक्रम मुळात आला तो पाण्याच्या मीटरांमुळे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक हॉल होता. चार मोठ्या खिडक्या, दोन पंखे, त्यांतला एक फिरणारा. या हॉलवर पाणीखात्याचा डोळा होता. त्यांच्याकडे तीन ट्रक भरतील इतके नादुरुस्त मीटर होते आणि ते दुरुस्तही करता येत नव्हते, टाकूनही देता येत नव्हते. पाणीखात्याचा कारकून एक दिवस टेप घेऊन आला, हॉल मोजून गेला आणि जाताना कोपऱ्यात तीन मीटर ठेवून गेला. बसमध्ये खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसे.

ग्रंथपाल हादरले. त्या हॉलसाठी त्यांनी सात वर्षे पत्रव्यवहार केला होता. एका पंख्यासाठी तर अकरा पत्रे होती. त्यांनी वरच्या कार्यालयात धाव घेतली. तिथल्या साहेबांनी दोन्ही पक्षांना सारखा न्याय दिला, म्हणजे एक परिपत्रक काढले. उन्हाळ्यात हॉलमध्ये मुलांचा उपक्रम घ्यावा. किमान वीस मुलांनी प्रत्येकी सहा पुस्तके वाचावीत. ग्रंथपालाने स्वतःची खात्री करून तसा दाखला द्यावा. वीस दाखले झाले तर हॉल मुलांचा, नाहीतर मीटरांचा.

"मग काय, द्या वीस सह्या ठोकून," शिपाई म्हणाला. हा शिपाई ग्रंथपालांच्या आधीपासून तिथे होता आणि आपल्यानंतरही तोच राहणार, असा ग्रंथपालांना दाट संशय होता.

"परिपत्रकात काय लिहिलंय? स्वतःची खात्री करून."

"साहेब, ते सगळ्याच परिपत्रकांत असतं."

असेल. पण ते शब्द छापलेले होते, आणि छापलेल्या शब्दांचा मान वाचनालयात राखायचा नाही तर कुठे राखायचा? असे तीन शब्द गंभीरपणे घेणारा त्या कार्यालयाच्या इतिहासातला हा बहुधा पहिलाच माणूस.

खात्री कशी करावी, या प्रश्नावर सल्ला देण्यास शेजारचे निवृत्त फौजदार एका पायावर तयार होते. तसे ते कोणत्याही प्रश्नावर असत. आदल्या वर्षी ग्रंथपालांच्या नळातून पाणी ठिबकत होते, तेव्हाही त्यांनी आधी घरातल्या माणसांचे जबाब घ्यायला सांगितले होते.

"विचारून कोणी कबूल होत नाही, ग्रंथपाल," फौजदार जिन्यात उभे राहून म्हणाले. "सापळा लावायचा. समोरच्याला पत्ता लागता कामा नये. आणि आपल्या माणसावरही भरवसा ठेवायचा नाही."

शेवटचे वाक्य ग्रंथपालांना फार पटले.

पुस्तकांच्या तालिकेची जुनी, रद्द झालेली कार्डे कपाटात पडून होती. ती घरी आणून, चार पट्ट्या होतील अशी कापून, जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी कोऱ्या बाजूवर चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. उपक्रमासाठी चाळीस पुस्तके होती. प्रत्येकात मध्याच्या पुढे एक चिठ्ठी घालायची. प्रत्येक चिठ्ठीत शब्द वेगळा, म्हणजे एकाने वाचून दहांना सांगण्याची सोय नाही. मजकूर असा: 'हे पान वाचणाऱ्याने खाली मेजाशी येऊन "शिडी" हा शब्द हळूच सांगावा. बक्षीस मिळेल. इतर कोणास सांगू नये.' शिडीच्या जागी कुठे कंदील, कुठे बादली, कुठे सुतळी. बक्षीस म्हणून त्यांनी स्वखर्चाने चाळीस पेन्सिली आणल्या आणि खणात कुलूप लावून ठेवल्या.

बायको पलीकडे उभी राहून हे पाहत होती. ती शाळेत भाषा शिकवायची. सुट्टीत ती मोकळी दिसली म्हणून उपक्रमातला लेखनाचा वर्ग त्यांनी तिच्याच गळ्यात घातला होता.

"अहो, पोरांना सरळ विचारलं तर?"

"काय विचारणार?"

"पुस्तक कसं वाटलं म्हणून."

ग्रंथपालांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की ती स्वयंपाकघरात निघून गेली. जाताना म्हणाली, "लग्नाआधी मी तुम्हाला पत्रं लिहिली, तीही असंच काहीतरी करून तपासली असतील तुम्ही."

ते खरे होते. पण तो विषय वेगळा.

उद्घाटनाला साहेब आले. तेवीस मुले जमली होती, पंचवीस आयाही. साहेबांनी फीत कापली आणि "मीसुद्धा या मुलांबरोबर एक पुस्तक वाचणार" असे जाहीर करून टेबलावरचे सर्वांत जाडजूड पुस्तक उचलले. दीपगृहावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्याची ती कादंबरी होती. फोटो निघाला. पुस्तक साहेबांच्या गाडीत गेले. ग्रंथपालांनी धावत गाडीपर्यंत जाऊन नोंदवहीत त्यांची सही घेतली. नियम तो नियम.

मग सुरू झाले वाट पाहणे.

पहिला आठवडा गेला. पुस्तके जात होती, येत होती, मेजाशी येऊन कोणी काही हळूच सांगत नव्हते. रोज संध्याकाळी मुले गेली की ग्रंथपाल परत आलेली पुस्तके पुढ्यात ओढत, नेमके पान उघडत. चिठ्ठी जिथल्या तिथे. वरचा कोपरा दुसऱ्या ओळीला टेकलेला, त्यांनी ठेवला होता तस्साच. ते एक उसासा टाकत आणि खाजगी वहीत लिहीत: न वाचता परत.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मुलांनी लिहिलेले पुस्तकांबद्दलचे कागद तपासले. काही कागद फार चांगले होते, म्हणजे ते आईने लिहिले असणार. काही फार वाईट होते, म्हणजे ते वडिलांनी लिहिले असणार. उंचीमुळे ज्याला सगळे लांब्या म्हणत, त्याने लिहिले होते, 'हे पुस्तक मला शेवटी आवडले, पण मधे एका पानावर माझे लक्ष दुसरीकडे गेले.' ग्रंथपालांनी त्याखाली लाल रेघ ओढली. लक्ष दुसरीकडे. म्हणजे मोबाइलकडे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या ध्यानात आले की मुले आपल्याकडे बघतात.

नुसती बघत नव्हती, बघून लिहून घेत होती. जाड चष्म्याची एक मुलगी होती. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गुडघ्यावर वही घेऊन बसे. ग्रंथपाल उठले की ती घड्याळ बघे. ते बसले की पुन्हा घड्याळ बघे. एकदा त्यांनी 'येथे खाण्यास मनाई आहे' या पाटीखाली बसून एक बिस्किट खाल्ले, तर तिने अर्धे पान लिहिले. लांब्या एक दिवस स्वच्छतागृहाच्या दारावरच्या 'वापरल्यावर पाणी सोडावे' या सूचनेचा फोटो काढताना सापडला.

"कशाला हवाय हा फोटो?"

"अक्षर छान आहे, सर."

बावीस वर्षांत त्यांच्या अक्षराला कोणी छान म्हटले नव्हते. त्यांचा संशय पक्का झाला. हे पाणीखात्याचे काम. मुले फोडली गेली आहेत. त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोला खोदून विचारले, "तुझ्या वर्गात काय चालतं नक्की?"

"लेखन."

"कशावर?"

"जे डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहायचं, असं सांगितलंय. वर्गातलं मी घरी आणत नाही. भाजी घ्या."

चौथ्या आठवड्यात पत्र आले. लखोटा जाड होता. एका आईने कार्यालयात तक्रार केली होती, सोबत मोबाइलवर काढलेल्या फोटोची छापील प्रत. फोटोत चिठ्ठी होती. शब्द 'बादली'. पत्रात म्हटले होते की वाचनालयाच्या पुस्तकांतून कोणी अज्ञात इसम अल्पवयीन मुलांना सांकेतिक शब्द पुरवून, बक्षिसाचे आमिष दाखवून व गुप्तता पाळण्यास सांगून मेजाशी बोलावीत आहे. बाब अत्यंत गंभीर आहे. सबब सदर प्रकरणी चौकशी अधिकारी म्हणून ग्रंथपालांची नेमणूक करण्यात येत असून त्यांनी उपक्रमाच्या समारोपाच्या दिवशी अहवाल सादर करावा. खाली साहेबांची सही.

ग्रंथपालांनी पत्र दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना स्वतःचाच राग आला. जो मजकूर चिठ्ठीत इतका निरागस वाटला होता, तो पत्रात उतरल्यावर माणसाला आत टाकण्याजोगा दिसत होता.

त्याच क्षणी जाऊन खरे सांगितले असते तर प्रकरण मिटले असते. पण मग साहेब विचारणार, सापळ्यात काय सापडले? आणि खाजगी वही सांगणार, एकाही मुलाने एकही पुस्तक वाचलेले नाही. म्हणजे हॉल मीटरांचा. खरे बोलावे तर हॉल जातो, खोटे दाखले द्यावेत तर छापलेले तीन शब्द आडवे येतात, गप्प बसावे तर स्वतःलाच पकडावे लागते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, आणि इथे धरायचे होते ते आपलेच शेपूट.

ते पुन्हा जिन्यात गेले.

"आतलाच माणूस," पत्र वाचून फौजदार म्हणाले. "शंभर टक्के. मी नोकरीत असतो तर चोवीस तासांत उचलला असता. शिपायाचं अक्षर तपासलंत?"

"अहो, हे तुम्हीच सांगितलं होतंत मला. जिन्यात. सापळा म्हणून."

फौजदारांनी पत्र घडी घालून परत दिले. "सापळा मी सांगितला. चिठ्ठी मी सांगितलेली नाही. उद्या कोणी विचारलं तर आपलं नळाबद्दल बोलणं झालं होतं."

शिपायाच्या कानावर अक्षर तपासण्याची गोष्ट कोण जाणे कशी गेली. त्याने दोन दिवस चहा आणणे बंद केले. तिसऱ्या दिवशी कप आपटून म्हणाला, "मला लिहिता येत असतं तर मी शिपाई राहिलो असतो का?"

अहवालाचे सहा कच्चे मसुदे झाले. 'सदर इसम वाचनालयाशी परिचित असावा' इथपर्यंत प्रत्येक मसुदा सुरळीत येई आणि तिथे थांबे. इकडे दाखल्यांचे तेवीस कागद सहीविना पडून होते. आणि समारोपाच्या आदल्या दिवशी पाणीखात्याचा कारकून येऊन दाराची रुंदी पुन्हा मोजून गेला.

समारोपाला हॉल भरला. साहेब दीपगृहाची कादंबरी हातात घेऊनच आले आणि पहिल्या रांगेत, फिरणाऱ्या पंख्याखाली बसले. शेजारी कारकून, गुडघ्यावर टेप. बायकोने उठून सांगितले की मुलांनी मिळून एक मोठे लेखन केले आहे, ते लांब्या वाचून दाखवेल. तिने नवऱ्याकडे पाहिले नाही. एकतीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्याकडे बघायचे टाळी, तेव्हा काय होते हे ग्रंथपालांना माहीत होते. ते भिंतीला टेकले.

लांब्याने घसा साफ केला. "चिठ्ठ्यांचे प्रकरण. संशयित क्रमांक एक, ग्रंथपाल. संशयित क्रमांक दोन, कोणी नाही."

पहिल्याच आठवड्यात, त्याने वाचले, एका मुलीला पुस्तकात चिठ्ठी मिळाली. एक शब्द देऊन तो सांगायला बोलावले होते, बक्षीस कबूल केले होते आणि कोणाला सांगू नका असे म्हटले होते. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, बक्षिसाला भुलायचे नाही आणि 'कोणाला सांगू नका' म्हणणाऱ्याबद्दल ताबडतोब सगळ्यांना सांगायचे, हे आम्हाला पाचवीपासून शिकवलेले आहे. म्हणून कोणीही मेजाशी गेले नाही. आम्ही तपास करायचे ठरवले. पुराव्याला हात लावायचा नसतो, म्हणून प्रत्येक चिठ्ठी भुवया कोरायच्या चिमट्याने उचलली, उतरवून घेतली आणि होती तशी परत ठेवली. वरचा कोपरा दुसऱ्या ओळीला टेकवून.

ग्रंथपालांच्या हातातली खाजगी वही खाली पडली.

चष्मेवालीने तक्ता लावला. चिठ्ठ्यांच्या मागे तालिकेच्या कार्डांचे तुकडे होते आणि ती कार्डे ज्या कपाटात असतात, त्याची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असते. अक्षर स्वच्छतागृहाच्या दारावरच्या सूचनेशी जुळले. संशयित रोज संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी परत आलेली पुस्तके उघडतो, नेमके तेच पान बघतो आणि उसासा टाकतो. एकूण उसासे एकशे अडतीस. बिस्किटाचाही उल्लेख झाला.

"पण हेतू कळेना," लांब्या वाचत होता. "कदाचित शब्दांचा आणि गोष्टींचा संबंध असेल, म्हणून आम्ही सगळी पुस्तके पुन्हा नीट वाचली. 'बादली' ज्या पुस्तकात होती त्यात विहीर आहे, पण ती कोरडी आहे. 'सुतळी'च्या पुस्तकातला पतंगवाला आठव्या प्रकरणात खोटे बोलतो, हे आम्हाला दुसऱ्या वाचनात कळले. सहा पुस्तकांचा नियम होता. आमच्यातल्या प्रत्येकाने कमीत कमी अकरा वाचली. काही उपयोग झाला नाही. शब्दांना अर्थ नव्हता. शेवटी मॅडम म्हणाल्या, हेतू सापडत नसेल तर तसं लिहा. म्हणून तसं लिहितो. आमचं मत असं आहे की संशयिताला कोणीतरी खाली येऊन बोलायला हवं होतं."

हॉल शांत झाला. बावीस वर्षे पाटी लावून जी शांतता आली नव्हती, ती आली. ग्रंथपाल खाली वाकून बराच वेळ वही उचलत राहिले. मग हॉलमधल्या टेबलाशी गेले, पेन उघडले आणि तिथे ठेवलेल्या तेवीसच्या तेवीस दाखल्यांवर उभ्यानेच सह्या केल्या.

टाळ्या साहेबांनी सुरू केल्या. "वा," ते म्हणाले, "पुस्तकात चिठ्ठ्या. काय एकेक सुचतं या पोरांना. याला म्हणतात कल्पनाशक्ती."

तेवीस माना एकदम साहेबांच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे वळल्या. मग ग्रंथपालांकडे. चौकशीच्या पत्रावर साहेबांचीच सही होती, हे त्या क्षणी हॉलमध्ये फक्त ग्रंथपालांना माहीत होते. दीपगृहाच्या पुस्तकात चाळिसावी चिठ्ठी असणार, हे मात्र सगळ्यांना.

साहेब उठून बोलू लागले. आपण हे पुस्तक दोन बैठकांत संपवले. त्या दिव्याने आपल्या मनात उजेड पाडला. ज्या हॉलमधून अशी पुस्तके माणसाच्या हाती पडतात तिथे भंगार ठेवणे हा गुन्हा आहे, तेव्हा दाखले वगैरे नंतर बघू, हॉल मुलांकडेच राहील. कारकुनाने टेप खिशात घातली.

चष्मेवालीचा हात वर गेला.

ग्रंथपाल दचकले. ही मुलगी पुराव्याशिवाय बोलत नसे आणि पुरावा हातभर अंतरावर होता. नोकरीभर ते स्वतः त्या हाताची वाट पाहत होते. आता तो आला होता, तर त्यांनी काय करावे? त्यांनी भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवले.

मुलीने पाटी पाहिली, कोपऱ्यातले तीन मीटर पाहिले आणि हात खाली घेऊन चष्मा पुसला.

गर्दी ओसरल्यावर ती खाली मेजाशी आली. मागे लांब्या होता. "सर," ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे एकोणचाळीस झाल्या."

ग्रंथपालांनी खण उघडून तिला पेन्सिल दिली, त्यालाही दिली. बायको हॉलच्या खिडक्या लावून खाली आली. ते म्हणाले, "तुला सगळं माहीत होतं."

"टेबलावर समोरच तर लिहीत होतात."

"मग घरी एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी सरळ विचारलंत का कोणाला?"

ती मुलांना घेऊन बाहेर पडली. ग्रंथपाल एकटे उरले. साहेबांचे पुस्तक मेजावर होते. त्यांनी ते उघडायचे नाही असे ठरवले आणि उघडले. पान तीनशे बारा. चिठ्ठी जागेवर होती, कोपरा दुसऱ्या ओळीला टेकलेला. बावीस वर्षांत प्रथमच त्यांनी मनात एका वाचकाची बाजू मांडून पाहिली. पुराव्याला हात लावायचा नसतो, हे साहेबांनाही कोणी शिकवले असेल. तेवीस मुलांच्या बाबतीत आपण चुकलो, चोविसाव्या माणसाच्या बाबतीत कशावरून बरोबर असू? हे पटवून घेत त्यांनी नोंदवहीत 'वाचून परत' असे लिहिले आणि पुस्तक मिटताना अंगठ्याखालून पाने सोडली.

तेहेतीस ते अठ्ठेचाळीस ही पाने वरच्या कडेला छापखान्यात कापायची राहून गेली होती, आणि अजून जोडलेलीच होती.